पाम, १० फुटी, १२ नग

आमच्या सोसायटीला लँडस्केपिंगवाल्याने जे एस्टिमेट दिलं, त्यात पामची एवढीच ओळ होती: "पाम, १० फुटी, १२ नग, प्रत्येकी ८,५००." म्हणजे एक लाख दोन हजार रुपये. त्यात पाम कुठला ते नाही, दहा फूट कुठून कुठपर्यंत मोजायचे ते नाही, आणि झाड मेलं तर काय, तेही नाही. रिडेव्हलपमेंट होऊन आम्ही मुलुंड पूर्वेला नव्या इमारतीत राहायला आलो. गेटपासून लॉबीपर्यंत मातीचा पट्टा आहे, डाव्या अंगाला भिंतीलगत चिंचोळी, दिवसभर सावलीत असणारी जागा आहे आणि वर पार्किंगच्या स्लॅबवर पोडियम. कमिटीतले बाकीचे सही करायला तयार होते, मी थांबवलं. माझं माहेर श्रीवर्धनचं. माडा-पोफळींच्या वाडीत वाढलेल्या माणसाला "पाम, १२ नग" असं लिहून दिलं तर पटत नाही. गहू-तांदूळसुद्धा आपण जात विचारून घेतो.

लँडस्केपिंगवाल्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "बॉटल पाम देतो मॅडम, सगळीकडे तोच लावतात." इथेच पैशांचा पहिला घोळ आहे. मुंबईत ज्याला सर्रास बॉटल पाम म्हणतात तो असतो रॉयल पाम, मूळचा क्युबा-फ्लोरिडाकडचा: करडं, गुळगुळीत खोड, मध्ये किंचित फुगलेलं, वर हिरवागार दांडा आणि त्यावर लांब झावळ्या. साठ-सत्तर फुटांपर्यंत जातो. खरा बॉटल पाम अगदी वेगळा. तो मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा, आणि तिथल्या जंगलात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाडं उरली होती. बुंध्याशी भरगच्च फुगलेला, डोक्यावर मोजकीच पानं, आणि वाढ अतिशय संथ. दहा फुटांचा खरा बॉटल पाम म्हणजे कित्येक वर्षांचं झाड, ते साडेआठ हजारांत कोणी देणार नाही. आणि दहा फुटांचा रॉयल पाम घोडबंदरच्या नर्सऱ्यांत मला दीड हजाराच्या आसपास सांगितला. म्हणजे एकाच नावाखाली एक झाड परवडणारच नाही आणि दुसऱ्याला पाच-सहापट पैसे जातात.

म्हणून एस्टिमेट पर्समध्ये घातलं आणि घोडबंदर रोड गाठला. कासारवडवलीच्या पुढे रस्त्याच्या कडेला बऱ्याच नर्सऱ्या आहेत. काही नुसत्या कुंड्या आणि सीझनल फुलांच्या, काही मोठ्या झाडांच्या. ओवळ्याच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून थोडी आत असलेल्या एका नर्सरीतून आम्ही शेवटी खरेदी केली. बाहेरून काही बघण्यासारखं नाही. हिरव्या शेडनेटचा मांडव, पत्र्याची शेड, पाण्याची टाकी. पण आत मोठ्या झाडांच्या प्रत्येक काळ्या बॅगेवर पांढऱ्या ऑइलपेंटने महिना आणि वर्ष लिहिलेलं होतं: झाड त्या बॅगेत कधी भरलं ते. असं दुसरीकडे कुठेही दिसलं नाही, आणि पामच्या खरेदीत याच्याइतकी कामाची माहिती दुसरी नाही. का, ते पुढे सांगते.

एकाच रांगेतले भाव असे होते. अरेका, चार फुटी, २५०. फॉक्सटेल, सहा फुटी, ७००. रॉयल, तेवढाच, ६००. बिस्मार्क, तोही सहा फुटी, ७,५००. आणि गुडघ्याएवढा लाल दांड्याचा लिपस्टिक पाम २,२००. मी मालकांना विचारलं, एवढा फरक कसला? ते म्हणाले, "ताई, झाडाचे पैसे घेतच नाही मी. किती वर्षं माझी जागा अडवून बसलंय, आणि त्यात किती मेले, त्याचे घेतो." नंतर बाकीच्या नर्सऱ्यांत फिरले तेव्हा प्रत्येक भाव ह्या वाक्याला लावून पाहिला, आणि तो बसला.

अरेका घ्या. मादागास्करचा, पण आता आपल्याकडे लग्नाच्या हॉलपासून डेंटिस्टच्या वेटिंग रूमपर्यंत सगळीकडे आहे. बी सहज उगवतं, वाढ भराभर, आणि नर्सरीवाले एकाच पिशवीत बरीच रोपं दाटीने लावतात, त्यामुळे लवकर भरदार दिसतो. जागा अडवण्याचा काळ कमी, मर कमी, म्हणून स्वस्त. ती दाटी पुढे त्रासाची ठरते, रोपं एकमेकांत ओढाताण करतात आणि मधली वाळतात. तेव्हा पिशवीत बोटं घालून बुंधे मोजा. फार गच्च असेल तर कमी बुंध्यांची, जाड दांड्यांची पिशवी उचला, भाव तोच असतो.

फॉक्सटेलची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार आवडते. हा पाम ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या केप मेलविलच्या डोंगरात, मोठमोठ्या दगडांमध्ये वाढतो. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ते १९८३ मध्ये. इतका देखणा पाम, कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार झावळी, आणि तोवर बाहेरच्या जगाला फारसा माहीतच नव्हता. मग मागणी एवढी चढली की तिथल्या जंगलातून बिया चोरून नेण्याचे प्रकार झाले. पुढे लागवडीतली झाडं मोठी झाली, त्यांना घोसच्या घोस बिया लागायला लागल्या, आणि भाव उतरला. झाड तेच, देखणेपणही तेच. आज मुंबईत सातशे रुपयांत मिळणारा फॉक्सटेल ही पामच्या बाजारातली सगळ्यात चांगली खरेदी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्त आहे म्हणून त्याला कमी लेखू नका.

बिस्मार्कचं उलट. तोही मादागास्करचा. रुपेरी-निळसर, पंख्यासारखी प्रचंड पानं, एक झाड उभं केलं की बंगल्याचा चेहरा बदलतो. पण रोप लहान असताना त्याची वाढ हळू, आणि मुळांना धक्का अजिबात सोसत नाही. बी रुजताना कोंब आधी खोल जमिनीत जातो आणि मग वर येतो, त्यामुळे जमिनीतून उपटून बॅगेत भरलेली बरीच झाडं मरतात. सुरुवातीपासून कुंडीतच वाढवलेलं झाड घ्यावं लागतं. त्यासाठी कुंडी वारंवार मोठी करायची, माती बदलायची, जागा धरून ठेवायची. साडेसात हजारांत हे सगळं धरलेलं आहे, आणि ते मला रास्त वाटतं. आमच्याकडे मात्र घेतला नाही, कारण वाढलेल्या बिस्मार्कचा घेर पंधरा-वीस फूट होतो आणि आमचा पट्टा आहे सहा फुटांचा. कर्जतला, अलिबागला स्वतःची मोकळी जागा असेल तर जरूर घ्या, आणि घ्याल तेव्हा लहानच घ्या.

लिपस्टिक पाम बघून आमच्या सेक्रेटरींच्या मुलीने हट्ट धरला. मलेशिया-सुमात्राच्या दलदलीतलं झाड ते, बारा महिने ओल आणि दमट हवा लागते, वाढ तर दिसतच नाही. मुंबईच्या पावसाळ्यात खूश राहील, पण एप्रिल-मेमध्ये पोडियमवरच्या तापलेल्या लादीवर कोण सांभाळणार? हे झाड महाग असण्याचं कारण अगदी खरं आहे. आमच्या जागेला ते लागू पडत नाही, एवढंच.

आणि रॅपिस. भावांच्या यादीत हा लोकांना सगळ्यात खटकतो. दिसायला साधा, बारीक काठ्या, पंजासारखी पानं, उंची चार फूट, आणि भाव ९००. अरेकापेक्षा तिप्पट-चौपट का? कारण हा बियांपासून फारसा करत नाहीत, जुन्या बेटातून काठ्या फोडून नवीन करतात, आणि नवीन काठी यायला वेळ लागतो. नर्सरीत त्याचा भाव उंचीवर नसतो, काठ्या किती त्यावर असतो. पण दाट सावलीत, जिथे अरेका विरळ आणि लांबोडका होतो, तिथे रॅपिस वर्षानुवर्षं तसाच हिरवा राहतो. सावलीतल्या जागेसाठी हे पैसे वसूल आहेत.

आता दहा फुटांकडे येऊ. पामची उंची सांगण्याच्या दोन पद्धती आहेत आणि विकणारा आपल्या सोयीची वापरतो. एक, जमिनीपासून सगळ्यात वरच्या पानाच्या टोकापर्यंत. दुसरी, नुसतं खोड. दहा फुटी म्हणून दाखवलेल्या फॉक्सटेलमध्ये खोड कधी दीड फूट असतं, बाकी सगळी पानं. नवं झाड लावताना झावळ्या बांधतात, काही कापतात, की त्या दहा फुटांचे राहतात पाच. खोड तयार व्हायला वर्षं लागतात, पान दोन-तीन महिन्यांत येतं, म्हणून पैसे खोडाचे द्यायचे. मी प्रत्येक ठिकाणी टेप काढला आणि विचारलं, "खोड किती?" ओवळ्याच्या मालकांनी न विचारता खोडाचं माप सांगितलं. दुसऱ्या एका मोठ्या नर्सरीत तीन फूट खोडाचे म्हणून दाखवलेले फॉक्सटेल टेप लावल्यावर दोन फुटांखाली भरले, आणि तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, वरचा हिरवा दांडा पण धरायचा." हिरवा दांडा म्हणजे पानांच्या देठांची रुंद बुडं एकमेकांभोवती गुंडाळलेली असतात. ते खोड नव्हे.

बॅगेवरच्या महिन्याचं कारण आता सांगते. मोठे पाम बहुतेक वेळा शेतात, जमिनीत वाढवतात आणि विक्रीच्या वेळी उपटून बॅगेत भरतात. आपल्याकडे असा बराच माल आंध्रातल्या राजमुंद्रीजवळच्या कडियमहून, नाहीतर पुण्याजवळच्या उरुळी कांचनहून ट्रकने येतो. उपटताना मुळं तुटतात. पामची मुळं आंब्या-फणसासारखी जाडजूड होत जाणारी नसतात, खोडाच्या बुडातून सारख्या जाडीची नवीनवी फुटत राहतात. बॅगेत भरल्यावर ती नवी मुळं फुटायला काही महिने जावे लागतात. ह्याला नर्सरीवाले "सेटल" होणं म्हणतात. सेटल झालेलं झाड महाग, कालच्या ट्रकमधून उतरलेलं स्वस्त. कित्येक ठिकाणी भावातला फरक एवढ्या एकाच कारणाने असतो आणि बघणाऱ्याला दोन्ही झाडं सारखीच दिसतात.

ओळखायचं कसं? बुडाशी बसा. बॅगेची कड जरा खाली ओढा आणि माती बाजूला करा. पांढरट, टोकाशी लुसलुशीत अशी नवी मुळं दिसली तर झाड लागलंय. नुसती तपकिरी, तुटकी टोकं दिसली तर अजून नाही. मग खोड धरून हलकेच हलवा. सेटल झाड मातीच्या गोळ्यासकट हलतं, कच्चं झाड गोळ्यातल्या गोळ्यात डुगडुगतं. त्यानंतर वर बघा. मधोमध उभी, अजून न उघडलेली पानाची सुई असते. ती घट्ट आणि ताजी हिरवी हवी. दोन बोटांत धरून अलगद ओढली आणि ती वर सुटून आली, तिच्या बुडाला घाण वास आला, तर आतला कोंब कुजलेला आहे आणि ते झाड फुकट दिलं तरी घेऊ नका. एकेरी खोडाच्या पामला वाढणारा कोंब एकच असतो, तो गेला की झाड गेलं, बाजूने फांदी फुटत नाही. बॅगेत भरल्यानंतर निदान एक पान पूर्ण उघडलेलं असावं. ते आधीच्या पानांपेक्षा थोडं लहान असेल तर घाबरू नका, पण सुरकुतलेलं, टोकं जळाल्यासारखी असेल तर दुसरं झाड बघा.

खोडावर हात फिरवा. कुठे कमरेसारखी बारीक जागा दिसली तर त्या काळात झाडाची उपासमार झालेली असते, आणि पामचं खोड मागाहून भरून निघत नाही, ती कमर कायमची. खिळ्याची भोकं, कुऱ्हाडीचे घाव असलेलं झाडही नको. पामची जखम साल येऊन बुजत नाही, आणि सोंड्या भुंगा नेमका अशा जखमांच्या वासावर येतो. माझ्या माहेरच्या वाडीत माडाच्या खोडातून तांबूस चिकट पाणी गळायला लागलं की बाबा लगेच कान लावून बघायचे, आत अळी कुरतडत असली तर आवाज येतो. झावळ्यांवर पंख्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर तो गेंड्या भुंगा. नर्सरीत एका झाडावर असे काप दिसले तरी शेजारची सगळी झाडं नीट बघून घ्या.

मोठ्या झाडांचा भाव का उडतो, त्याला आणखी एक बाजू आहे. सहा फुटांचे फॉक्सटेल छोट्या हत्तीत आडवे टाकून आणता येतात, दोन माणसं उतरवतात. तेच बारा-पंधरा फुटांचं, मोठ्या मातीच्या गोळ्याचं झाड असलं की मोठा टेम्पो आणि हायड्रा क्रेन लागते. आमच्या गल्लीत हायड्रा वळत नाही. गेटच्या आत तर नाहीच. म्हणजे एका झाडाच्या किमतीइतका खर्च ते उभं करण्यात. शिवाय मोठं झाड जगण्याची खात्री कमी. आणि इथे ग्राहक फसतो, कारण पाम मेला हे लवकर कळत नाही. खोडात साठवलेल्या पाण्या-अन्नावर तो कित्येक महिने हिरवा राहतो, मुळं केव्हाच गेलेली असतात. लँडस्केपिंगवाल्याने तीन महिन्यांची गॅरंटी देऊ केली होती. जूनमध्ये लावलेलं झाड सप्टेंबरमध्ये हिरवंच दिसणार, खरं ते मेमध्ये कळणार. मी सगळीकडे एकच मागितलं: एक पावसाळा आणि एक उन्हाळा. ओवळ्याच्या मालकांनी फॉक्सटेल आणि रॅपिससाठी ते मान्य केलं आणि बिलाच्या मागे लिहून दिलं. अरेकासाठी दिलं नाही. अडीचशे रुपयांच्या झाडाला मीही धरून बसले नाही.

सोसायटीत सगळ्यात जास्त चर्चा झाली ती माडावर. तळमजल्यावरच्या काकूंना अंगणात माड हवाच होता, आणि मलाही तो कोणाहून कमी प्रिय नाही. चांगलं रोप हवं असेल तर रत्नागिरीच्या भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, तिथली बाणवली किंवा ठेंगू जातीची रोपं खात्रीची असतात. पण आमच्या पट्ट्याला लागून गाड्या उभ्या राहतात आणि मुलं खेळतात. माडावरून नारळ आणि झावळी दोन्ही पडतात. ते वेळेवर उतरवायला चढणारा माणूस मुंबईत दरवेळी शोधावा लागतो, आणि झाड एकदा मोठं झालं की नको म्हणून तोडता येत नाही, १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली महापालिकेची परवानगी लागते. रॉयल पामलाही मी ह्याच कारणाने नाही म्हटलं. त्याची एक वाळलेली झावळी पंधरा किलोंच्या आसपास भरू शकते, आणि ती आपसूक गळते. लांब रुंद रस्त्याला, मैदानाच्या कडेला तो शोभतो. बोनेटच्या वर नको.

पोफळी लावायची मला मनापासून इच्छा होती. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीची रोपं भावाने दिली असती, खोड बारीक, जागा कमी लागते, आणि दिसायला मला तरी तिच्याहून सुंदर पाम ठाऊक नाही. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावरच आलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांमध्ये पोफळी मधूनच मोडून आडव्या पडल्या होत्या, एकीवर एक. रोप लावल्यापासून सुपारी धरायलाच पाच-सात वर्षं जातात, पूर्ण वाडी उभी राहायला एक पिढी. तेव्हापासून झाडाच्या वयाचे पैसे कोणी मागितले की मला ते जास्त वाटत नाहीत. पोफळीला दुपारचं पश्चिमेचं ऊन खोडावर चालत नाही, पाणी सतत लागतं, आणि पन्नास फूट उंच बारीक खोड दोन इमारतींच्या मधल्या वाऱ्यात मला नको होतं.

फिशटेलही पाहिला. त्याचा कोकणातला भाऊ आपला भेर्ली माड, मांडवाला त्याच्या झावळ्या बांधतात. नर्सरीत मिळतो तो बहुतेक बेटाने वाढणारा, वेगळ्या जातीचा. दोघांच्याही फळांच्या गराने अंगाला भयंकर खाज येते, आणि फुलोरा वरून खाली येत संपला की ते खोड मरतं. मुलांच्या खेळण्याच्या जागेत नको.

पाम म्हणून विकतात पण पाम नाहीत अशी काही झाडं आहेत: सायकस, ट्रॅव्हलर्स पाम, पोनीटेल पाम. झाडं वाईट नाहीत. पण ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी सायकस टाळावा. त्याचे सगळे भाग कुत्र्यांना विषारी असतात, बिया सगळ्यात जास्त. आमच्या इमारतीत कुत्री आहेत, म्हणून तो यादीतून आधीच काढला.

शेवटी घेतलं ते असं. पुढच्या पट्ट्यात चार फॉक्सटेल, तीन फूट खोडाचे, २,८०० ने ११,२००. सावलीच्या भिंतीलगत सहा रॅपिस, ५,४००. पोडियमवरच्या कुंड्यांत, शेजारच्या इमारतीच्या डक्टकडे आडोसा म्हणून दहा अरेका, २,५००. टेम्पो, लाल माती, शेणखत, लावणी मिळून साडेबारा हजार. एकूण ३१,६००. बारा नगांऐवजी वीस झाडं आली आणि एक लाख दोन हजारांच्या जागी एक तृतीयांशही लागले नाहीत. सातशेवाले सहा फुटी फॉक्सटेल घेतले असते तर आणखी वाचले असते, आणि स्वतःच्या घरासाठी मी तेच घेतले असते, कारण लहान झाड लवकर लागतं आणि तीन-चार वर्षांत मोठ्याला गाठतं. सोसायटीत मात्र गेटमधून आत येताना काहीतरी उभं दिसायला हवं, हे सेक्रेटरींचं म्हणणं मला मान्य होतं. तेवढ्या चार झाडांपुरती आम्ही वर्षं विकत घेतली.

नर्सरीबद्दल तक्रारीही आहेत. रविवारी जाऊ नका, मालक एकटे पडतात आणि कामगारांना जातींची नावं सांगता येत नाहीत. टेम्पो ठरल्या दिवशी सकाळऐवजी अंधार पडल्यावर आला आणि झाडं रात्रभर गेटशी आडवी पडून होती. लावायला पाठवलेली दोन मुलं कामसू होती, पण पहिला फॉक्सटेल त्यांनी बुंधा हातभर मातीत गाडून बसवला. तो काढून पुन्हा बसवायला लावला. पाम बॅगेत ज्या पातळीला होता त्याच पातळीला बसला पाहिजे, खोल गाडला तर बुंधा कुजतो. आधाराचे बांबूसुद्धा ते सरळ खोडाला खिळा मारून बसवणार होते. त्याऐवजी खोडाला गोणपाट गुंडाळायचं, त्यावर लाकडाच्या पट्ट्या उभ्या ठेवून तारेने आवळायच्या, आणि खिळे त्या पट्ट्यांत मारायचे. हे मालकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "बरोबर आहे ताई, मुलांना शिकवतो." त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन चारही आधार तपासले, हेही लिहिलं पाहिजे.

घेण्याआधी एक करा. भायखळ्याला राणीच्या बागेत जा (बुधवारी बंद असते) आणि जो पाम मनात आहे तो पूर्ण वाढलेला शोधून त्याच्या खाली उभं राहून बघा. बॅगेतल्या रोपाकडे बघून घेर आणि उंची कळत नाही.

लावल्यावर मुंबईच्या पावसाचा हिशोब धरा. चार महिन्यांच्या पावसात मातीतलं पोटॅश आणि मॅग्नेशियम धुऊन जातं, आणि ऑक्टोबरमध्ये खालची पानं पिवळी पडतात. माळी ती लगेच छाटतो. छाटू देऊ नका. त्या पिवळ्या पानांतलं पोटॅश झाड वरच्या पानांसाठी ओढून घेत असतं, ती कापली की पुढची पिवळी पडतात. पूर्ण वाळल्यावरच काढा, आणि पावसाच्या आधी व नंतर पोटॅश आणि मॅग्नेशियम सल्फेट द्या.

घासाघीस करायची तर झाडाच्या भावावर करू नका, तिथे मालक कच्चं झाड काढून देईल. टेम्पो, माती आणि लावणीवर करा, तिथे सैल असतं. आणि बिलावर पामची जात, खोडाचं माप आणि बॅगेचा महिना, तिन्ही लिहून घ्या.